बाझेलला नोकरी आणि जर्मनीत घर? आधी परमिट बघ

अरे, तू ताई म्हणून एवढं सविस्तर विचारलंयस तर मी पण सविस्तरच लिहिते, सध्या बाझेलहून गोरेगावला आईकडे आलेय, दुपारी सगळे आडवे झाले की मला वेळच वेळ असतो. तुझं म्हणणं मला कळलं ते असं, की मुलुंडला राहतोस, स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बाझेल शहरातल्या फार्मा कंपनीची ऑफर आलीये, बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर नेणार, आणि ऑफिसातल्या कुणीतरी डोक्यात घातलंय की स्वित्झर्लंडात घर घेऊच नको, पलीकडे जर्मनीत ल्योराखला नाहीतर फ्रान्समध्ये सां लुईला घे, अर्ध्या भाड्यात मोठं घर मिळतं, पगार फ्रँकमध्ये आणि खर्च युरोमध्ये. बदलापूरला राहून बीकेसीला नोकरी करतात तसंच.

तसंच नाहीये. बदलापूरच्या माणसाला कुर्ल्याला उतरल्यावर कुणी विचारत नाही की तुझा पासपोर्ट कुठला. इथे सगळं तिथेच अडतं.

हे खरंय की रोज सीमा ओलांडून स्वित्झर्लंडात कामाला येणारी माणसं चार लाखांच्या आसपास आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त फ्रान्समधून येतात. माझ्याच टीममध्ये आहेत की, एक जण सायकलवर जर्मनीतून येतो, एक बाई फ्रान्समधल्या अल्सासच्या खेड्यातून गाडीने. पण ती सगळी युरोपियन पासपोर्टवाली. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, तरी १ जून २००२ पासून त्यांचा आपसात मोकळ्या ये-जाचा करार लागू आहे, त्यामुळे त्यांना जी परमिट म्हणजे सीमेपलीकडून येणाऱ्या कामगाराचं परमिट सहज मिळतं. तुझ्यामाझ्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्याला तेच जी परमिट हवं असेल तर आधी शेजारच्या देशात कायमच्या वास्तव्याचा हक्क लागतो, वर तिथल्या सीमाभागात किमान सहा महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणजे मुंबईहून थेट ल्योराखला उतरून बाझेलला कामाला जायचं ही सोय आपल्यासाठी नाहीच. ज्याने तुला सांगितलं तो बहुतेक एखाद्या जर्मन कलीगकडून ऐकून आला असणार.

दुसरा गैरसमज, जो मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, की बी परमिट, म्हणजे स्वित्झर्लंडात राहून नोकरी करायचं परमिट, घेऊन ठेवू, कागदावर पत्ता बाझेलचा आणि राहू जर्मनीत, शेंगेन आहे ना, म्हणजे एकमेकांच्या सीमेवर पासपोर्ट न तपासायचा युरोपातल्या देशांचा करार. शेंगेन फिरायला आहे रे, राहायला नाही. स्विस परमिटवर तू जर्मनी-फ्रान्समध्ये १८० दिवसांत ९० दिवस पाहुणा म्हणून जाऊ शकतोस, घर करू शकत नाहीस. आणि तुझं स्विस परमिट स्वित्झर्लंडात खरोखर राहण्यावरच टिकतं, ते सोडून पलीकडे झोपायला गेलास आणि उघडकीला आलं तर दोन्ही देशांच्या नियमांत सापडशील. बायको-मुलीला घेऊन असले प्रयोग नकोत. पुढे कायम वास्तव्याचं सी परमिट मिळालं तरी यात फरक पडत नाही, माझ्याकडे सी आहे आणि तरी मी ल्योराखला राहायला जाऊ शकत नाही. स्विस नागरिक झालं की जाता येतं, पण त्याला साधारण दहा वर्षं आणि भारतीय पासपोर्ट सोडायची तयारी, तो विषय आज नको.

एक लांबचा रस्ता आहे, सांगून ठेवते. आधी जर्मनीतच नोकरी घ्यायची, ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परमिटवर, तिथे जर्मन भाषा बी१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत आली तर २१ महिन्यांत आणि नुसती ए१ म्हणजे अगदी पहिल्या पातळीची असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, मग सीमाभागात राहून बाझेलला अर्ज. हे करणारे भारतीय असतात. पण हातात बाझेलची ऑफर असताना हा वळसा कशाला? आणि पैशाचं गणितही वाटतं तेवढं गोड नाही, कारण जर्मनीत राहणाऱ्याच्या पगारातून स्विस साडेचार टक्केच कापतात हे खरं पण उरलेला टॅक्स जर्मनी आपल्या दराने घेतंच.

तेव्हा घर बाझेलमध्ये, नाहीतर शहराला लागून असलेल्या बाझेललांडमध्ये बघ. डिपॉझिट तीन भाडी, ते बँकेत बंद खात्यात राहतं. पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची, आणि हेल्थ इन्शुरन्स तीन महिन्यांच्या आत, प्रत्येक माणसाचा वेगळा, तुझा, बायकोचा, पोरीचा. कंपनी भरत नाही. भारतातल्या सवयीने लोक पगाराचा आकडा बघून नाचतात आणि हा हप्ता धरतच नाहीत, त्यात बाझेल शहर हे सगळ्यात महागड्या हप्त्यांपैकी एक. इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी मोठ्या माणसाने वर्षाला स्वतःच्या खिशातून किती भरायचं ते ३०० ते २५०० फ्रँकच्या मध्ये आपण निवडायचं, तब्येत ठणठणीत असेल तर मोठा आकडा घेतात लोक.

आता सीमेवर राहण्यात मजा नाही असं नाही हं. आमचा शनिवार जवळजवळ ठरलेलाच असतो, ८ नंबरची ट्राम पकडायची, ती थेट जर्मनीत वाइलपर्यंत जाते (२०१४ पासून), आणि ३ नंबरची फ्रान्समध्ये सां लुईला. अर्धी ट्राम रिकाम्या पिशव्या घेतलेल्यांची. जर्मन दुकानात ५० युरोच्या वर बिल झालं की काउंटरवर परमिट दाखवून हिरवी पावती मागायची, परत येताना जर्मन कस्टमच्या खिडकीवर शिक्का मारून घ्यायचा, पुढच्या खेपेला तीच पावती दुकानात दिली की जर्मन टॅक्स परत. शनिवारी त्या खिडकीवर जी रांग असते ना, दादरच्या लोकांनाही घाम फुटेल. तिकडची बाजूही बघ: पूर्वी माणशी ३०० फ्रँकपर्यंत सामान स्विस व्हॅटशिवाय आणता यायचं, १ जानेवारी २०२५ पासून १५० वर आणलंय. १५० च्या वर गेलास तर वरच्या रकमेवर नाही, सगळ्या सामानावर व्हॅट, खाण्यावर २.६ टक्के, बाकीवर ८.१. क्विकझोल नावाचं ॲप आहे त्यात स्वतःच भरून टाकायचं, पकडल्यावर भरण्यापेक्षा बरं. मांस माणशी रोज एक किलो, लोणी आणि क्रीम मिळून एक किलो. हे आम्हाला लागतं कारण तूप घरी कढवते मी, त्यामुळे नवऱ्याला उगाच बरोबर न्यावं लागतं, त्याच्या वाट्याचं किलो म्हणून.

कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, ओला नारळ, सगळं बाझेलमध्येच मिळतं, तमिळ लोकांच्या दुकानांत, श्रीलंकेहून आलेली बरीच कुटुंबं आहेत तिथे. त्यामुळे मुंबईहून बॅगा भरून नेऊ नकोस, आणि दुधाचं काही तर नाहीच, पेढे, तूप, खवा बंद आहे. ताजी फळं-भाज्याही सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत, म्हणजे हापूसची पेटी विसर. आईला हे दर वर्षी सांगते, दर वर्षी तुपाची बरणी बॅगेत सापडते. चकली, मसाले, पापड बिनधास्त ने.

ट्राममध्ये बसलास तरी पासपोर्ट आणि परमिट कार्ड दोन्ही खिशात ठेव. स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ मध्ये शेंगेनमध्ये आलं तेव्हापासून एरवी सीमेवर पासपोर्टसाठी सहसा कुणी अडवत नव्हतं, पण ऑक्टोबर २०२३ पासून जर्मनीने स्विस सीमेवर तपासणी परत सुरू केलीये. रोज होत नाही. पण पोलीस चढले की डब्यातल्या सगळ्यांत आधी आपल्यासारख्या दिसणाऱ्याकडे येतात, असं मला तरी जाणवतं, वाद घालायचा नाही, कार्ड दाखवायचं आणि पुढे. आणि ही सीमा पुसट झालीये असं कुणी म्हणालं तर मला मार्च २०२० आठवतो. लॉकडाऊनमध्ये जर्मनीने सीमा बंद केली, वर जर्मनीतलं कोन्स्टान्स आणि स्वित्झर्लंडातलं क्रॉइत्सलिंगन ही चिकटलेली शहरं, त्यांच्यामध्ये चक्क जाळीचं कुंपण टाकलं, नवरा-बायको होऊ घातलेली माणसं जाळीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसायची, सीमा पूर्ण उघडली ती १५ जून २०२० ला. जी परमिटवाले कामाला येत होते, आम्ही वाण्याकडे जाऊ शकत नव्हतो. कुणाला ओलांडू द्यायचं ते कार्डावरचं अक्षर ठरवत होतं.

मोबाइलचं एक. फ्रान्सला लागून असलेल्या भागात घर घेतलंस तर स्वयंपाकघरात उभं राहून फोन फ्रेंच टॉवर पकडतो, युरोपचं फुकट रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नाही, म्हणून प्लॅन घेताना शेजारचे देश धरलेलाच घे. विमानतळाचं पण तसंच, बाझेलचा विमानतळ १९४९ च्या करारानुसार आख्खा फ्रान्सच्या जमिनीवर आहे, आत स्विस आणि फ्रेंच असे दोन वेगळे दरवाजे, तू स्विस दरवाज्यानेच बाहेर पड, ५० नंबरची बस स्टेशनला सोडते. पहिल्यांदा येताना मात्र मुंबई-झुरिक थेट विमान आणि पुढे तासभर ट्रेन हेच सोपं.

मुलीचं काय, हे तू शेवटच्या ओळीत विचारलंस, माझ्या मते हेच आधी विचारायला हवं होतं. चार वर्षं पूर्ण म्हणजे बालवाडी सक्तीची, सरकारी, फुकट, जर्मनमध्ये. पोरं दोन-तीन महिन्यांत बोलायला लागतात, ती चिंता नको. गळ्यात चमकणारा पट्टा घालून मुलं आपली आपण चालत जातात, आणि आईबाप सोडायला आले की बाईच नापसंती दाखवतात, मुलुंडच्या आईला पहिले काही आठवडे झोप लागणार नाही. अडचण वेगळीच आहे, दुपारी मुलं घरी येतात. जेवणाची, दुपारची सोय मिळते पण तिचे पैसे आणि वेटिंग लिस्ट, त्यामुळे तुझ्या बायकोची नोकरी यावर अडेल. आणि तिच्या नोकरीसाठी तुझं परमिट कुठलं हे बघ. बी असेल तर तिला कुठेही काम करता येतं. एल म्हणजे कमी मुदतीचं असेल तर तिच्यासाठी वेगळी परवानगी. युरोपबाहेरच्यांसाठी वर्षाचा कोटा आहे, ४५०० बी आणि ४००० एल, अख्ख्या जगातून, त्यामुळे काही कंपन्या जे उपलब्ध असेल ते लावतात आणि उमेदवाराला सांगतही नाहीत नीट.

मुंबईत असतानाच उरकायचं ते: लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला, दोन्हीला आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, आणि दाखला मराठीत असेल तर भाषांतर, नावांची स्पेलिंग पासपोर्टशी जुळतात का ते आत्ताच बघ, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी आठवडे जातात. बायकोला ए१ जर्मन कोर्सला घाल, काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन चांगलं आहे, तिच्या परमिटसाठी एक तर भाषा यायला लागते नाहीतर कोर्सला नाव घातल्याचा कागद लागतो, नोकरीला उपयोग होईल तो वेगळाच. ड्रायव्हिंग लायसन्स तिथे १२ महिन्यांत बदलून घ्यायचं, आपल्याला परीक्षकाबरोबर गाडी चालवून दाखवावी लागते आणि ती संधी एकदाच, नापास झालास तर भारतीय लायसन्स तिथे बाद. म्हणून आधी तिथल्या शिक्षकाबरोबर दोन-चार तास चालव, उजव्या बाजूने चालवायची सवय होऊ दे.

कंपनीला आज-उद्याच मेल टाक, तीनच गोष्टी विचार, परमिट बी की एल, कुटुंबाचा व्हिसा तुझ्याबरोबर की नंतर, आणि पहिले काही आठवडे राहायची सोय ते करतायत का. मी पुढच्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत गोरेगावला आहे, उत्तर आलं की कळव, मग कुठल्या भागात घर बघायचं ते बोलू.