विममध्ये एका फायलीतून दुसऱ्या फायलीत

प्रश्न : आमच्या छोट्या कार्यालयात गृहनिर्माण संस्थांच्या देखभाल-बिलांचे सॉफ्टवेअर सांभाळले जाते. मी विम हा एडिटर वापरतो आणि प्रत्येक फाइल वेगळ्या टॅबमध्ये उघडतो. दुपारपर्यंत वीसेक टॅब साचतात आणि हवी ती फाइल शोधताना कामाची तंद्री मोडते. उपाय सुचवावा.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ टॅबच्या वापरातच आहे. विममध्ये उघडलेली फाइल मेमरीत ज्या रूपात राहते त्याला बफर म्हणतात, बफर दाखवणाऱ्या चौकटीला विंडो, आणि अशा विंडोंच्या मांडणीला टॅब. ब्राउझरच्या सवयीने फाइलगणिक टॅब उघडत गेल्यास कोणती फाइल कितव्या जागी आहे याचा हिशेब आपल्यालाच ठेवावा लागतो. फायली बफरमध्येच राहू द्याव्यात आणि नावाने बोलवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

कोलननंतर ‘एलएस’ दिल्यास उघड्या बफरांची यादी दिसते. ‘बी’ लिहून, जागा सोडून, फायलीच्या नावाचा इतर कोणत्याही बफरच्या नावात नसलेला एखादा तुकडा दिला, तरी ती फाइल समोर येते. तुकडा अनेक नावांशी जुळत असेल, तर टॅब कळ दाबून निवड करता येते. मात्र आधी विमआरसी या विमच्या सेटिंगांच्या फायलीत ‘सेट हिडन’ ही ओळ लिहावी, अन्यथा बदल सेव्ह न केलेली फाइल विम सहसा सोडू देत नाही.

दिवसातली बरीच ये-जा दोनच फायलींत होते, उदाहरणार्थ व्याजआकारणीचा कोड आणि त्याची चाचणी. त्यासाठी कंट्रोल आणि ६ या कळा एकत्र दाबल्या की आधीची फाइल येते, पुन्हा दाबल्या की आपण परततो. ही एक सवय लागली तरी आपला त्रास पुष्कळ कमी होईल.

न उघडलेल्या फायलीसाठी ‘सेट पाथ+=**’ असे लिहून ठेवावे; मग ‘फाइंड’ ही आज्ञा चालू फोल्डरच्या पोटातील उपफोल्डरांतही नाव शोधते. बाहेरून आणलेल्या लायब्ररींचे मोठे फोल्डर तेथेच असल्यास हा शोध रेंगाळतो, तेव्हा दोन तारकांऐवजी कामाचेच फोल्डर नमूद करावेत. कोडमध्ये फायलीचे नाव लिहिलेले असेल, तर त्यावर कर्सर नेऊन ‘जीएफ’ दाबावे आणि कंट्रोल-ओ दाबून परत यावे.

‘हिडन’मुळे सेव्ह न केलेले बदल नजरेआड राहतात, म्हणून जागेवरून उठताना ‘डब्ल्यूए’ देऊन बदललेल्या सर्व फायली एकदम सेव्ह कराव्यात.