वाचकांचे प्रश्न : नाथसागराच्या काठावरची खापरं

प्रश्न : उन्हाळ्यात नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी ओसरलं की काठाला खापरं, विटा उघड्या पडतात. लंडनला थेम्सच्या ओहोटीत स्वयंसेवक अशा अवशेषांच्या नोंदी करतात, असं वाचलं. आम्हा सात-आठ जणांना ते इथे जमेल का? एकाला हिरवं पडलेलं नाणंही सापडलंय.
– एक वाचक, पैठण

उत्तर : जमेल, आणि व्हायलाच हवं. थेम्स दिवसातून दोनदा ओसरते, त्यामुळे तिथे काम घड्याळाशी बांधलेलं असतं. आपल्याकडे सवड आठवड्यांची मिळते. पण पाणी चढता-उतरताना लाटा काठ खातात. यंदा दिसलेली भिंत पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

काही उचलू नका. प्रतिष्ठान, म्हणजे जुनं पैठण, ही सातवाहनांची राजधानी. इथल्या खापराचं मोल ते कुठे पडलंय यात आहे. कडा धारदार असतील तर ते बहुधा जवळच सुटलेलं, गोल झिजल्या असतील तर लाटांनी वाहून आणलेलं. हे वहीत लिहाच.

मोबाइलचं जीपीएस चार-पाच मीटर सहज चुकतं, भिंतीचा कोपरा त्यानं ठरत नाही. देवळाचा कोपरा, विजेचा खांब अशा दोन पक्क्या खुणा धरून दोन्हीकडून टेपनं अंतर घ्या. उतारावर टेप जमिनीलगत टेकवली की अंतर जास्त भरतं. ती आडवी, ताणून धरा आणि टोकाला ओळंबा सोडा. दोन्ही टेपांमधला कोन फार अरुंद नको, नाहीतर बोटभर चूक हातभर होते.

फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. दुपारी विटांचे सांधे दिसत नाहीत. शेजारी दर १० सेंटिमीटरला रंगवलेली मीटरची काठी आणि उत्तरेचा बाण ठेवा. पाच अखंड विटांची लांबी-रुंदी-जाडी मोजा. सातवाहनकालीन वीट आजच्या विटेपेक्षा बरीच मोठी असते. त्या दिवसाची धरणाची पातळी फुटांत नोंदवा (पूर्ण भरल्यावर १५२२). पुढे कधी पाणी तेवढंच उतरलं की नेमकं कुठे पाहायचं ते कळतं.

दरडीत पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे थर दिसले तरी खुरपं लावू नका. ते उत्खनन झालं, आणि ते पुरातत्त्व खात्याचं काम.

नाण्याला चिंच-लिंबू मुळीच नको. आंबटानं हिरव्या थराबरोबर अक्षरंही जातात. सातवाहनांची शिशाची नाणी तर आणखी नाजूक. कोरड्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा, सापडल्याची जागा आणि तारीख लिहा, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या कायद्यानं ते बंधनकारक आहे.

भेगाळलेला गाळ वरून कडक, आत ओला असतो. काठीनं चाचपत, जोडीनंच उतरा.