एजंट न घेता, एकट्याने नवीन उघडलेली लँड बॉर्डर पार करता येते का? मोरेह–तामूमार्गे म्यानमारला कोणी गेलंय का?

दोन प्रश्न एकत्र विचारलेत, त्यातल्या दुसऱ्याचं आधी सांगतो. हो, मी गेलोय, 2019 च्या सुरुवातीला, मणिपूरमधल्या मोरेहहून पलीकडे तामूला, पाठीवर सॅक, सोबत कोणी नाही, एजंटही नाही. पण तुम्ही आत्ता निघायच्या विचारात असाल तर जरा थांबा. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे नाका बंद झाला, मग 1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तामू ज्या सागाइंग भागात येतं तिथे त्यानंतर लढाईच पेटली, आणि इकडे मे 2023 पासून मणिपूरमध्ये जे झालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलंच आहे, मोरेहही त्यात होरपळलं. तेव्हा हे वाचून बॅग भरायला घेऊ नका. मी मोरेहचं सांगतोय ते उदाहरण म्हणून, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

"सीमा खुली झाली" अशी बातमी आली की आपल्याला वाटतं चला, आता पासपोर्ट घेऊन जायचं. पण खुली झाली ती कोणासाठी, हे बातमीत कुठेतरी शेवटच्या ओळीत असतं किंवा नसतंच. सिक्कीममधलं नथू ला 6 जुलै 2006 ला, 1962 नंतर पहिल्यांदा उघडलं, केवढी चर्चा झाली, पण ते उघडलं सीमाव्यापारासाठी, परवाना असलेल्या व्यापाऱ्यांसाठी आणि ठराविक मालासाठी, तुमच्याआमच्यासारख्याने तिथून चीनमध्ये फिरायला जायचं म्हणून नाही. नेपाळमधलं रसुवागढी 2017 मध्ये परदेशी पर्यटकांसाठी उघडलं, हे खरंच उघडलं, पण पलीकडे तिबेट आहे आणि तिबेटमध्ये परमिट आणि टूरशिवाय परदेशी माणसाला फिरूच देत नाहीत, म्हणजे नाका चालू असूनही एकट्याने जाणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. आर्मेनिया आणि तुर्कस्तानचं तर अजून मजेशीर, जुलै 2022 मध्ये ठरलं की तिसऱ्या देशाच्या नागरिकांसाठी सीमा उघडायची, आणि प्रत्यक्षात मार्गाराच्या पुलावरून पहिल्यांदा काय गेलं तर फेब्रुवारी 2023 मध्ये भूकंपाच्या मदतीचे ट्रक. म्हणून मी कुठल्याही नवीन नाक्याबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतो की बाबा, ट्रकसाठी, गावातल्या लोकांसाठी, दोन देशांच्या नागरिकांसाठी की सगळ्यांसाठी?

मोरेहला 2018 च्या आधी हे सगळे प्रकार एकाच वेळी होते. सीमेलगत राहणाऱ्यांना व्हिसाशिवाय 16 किलोमीटर आत जायची सोय, बाकी भारतीयांना दिवसभराच्या पासवर फक्त लागून असलेल्या नाम्फालाँग बाजारापर्यंत, आणि पुढे म्यानमारमध्ये जायचं असेल तर यांगूनच्या एजन्सीमार्फत स्पेशल परमिट, ते यायला वेळ आणि पैसे दोन्ही लागायचे. मग 11 मे 2018 ला दोन्ही देशांचा करार झाला, 8 ऑगस्ट 2018 ला मोरेह–तामू आणि मिझोराममधलं झोखावथार–रिखावदार हे दोन्ही नाके उघडले आणि स्पेशल परमिटची भानगड संपली, पासपोर्ट आणि व्हिसा पुरेसा.

आता "व्हिसा पुरेसा" म्हणजे कुठला व्हिसा, इथे भरपूर लोक अडकतात. म्यानमारचा ई-व्हिसा 2016 पासून जमिनीवरच्या नाक्यांवर चालायला लागला होता, पण ते नाके थायलंडच्या बाजूचे, ताचिलेक, म्यावाडी आणि कॉथाँग. तामू त्या यादीत नंतर आलं. आणि डिसेंबर 2018 मध्ये भारतीयांसाठी व्हिसा ऑन अरायव्हल जाहीर झाला तो यांगून, मंडाले आणि नेपिडो या तीन विमानतळांपुरता, जमिनीवर नाही. बातमीचं हेडिंग वाचून कोणी तामूला बिनव्हिसा पोचलं असतं तर तिथून परत. मी सरळ पासपोर्टवर चिकटवलेला स्टिकर व्हिसा घेतला, खर्च थोडा जास्त, पण नवीन नाक्यावर वाद घालायची वेळ येऊ नये असं वाटत असेल तर माझं मत अजूनही तेच आहे, वकिलातीतून घेतलेल्या स्टिकरकडे बघून कोणी सहसा सीनिअरला फोन लावत नाही.

इंफाळ ते मोरेह साधारण 110 किलोमीटर, शेअर गाडी मिळायची. माझ्या गाडीत बहुतेक बायका, रिकाम्या मोठ्या पिशव्या घेऊन नाम्फालाँगला खरेदीला निघालेल्या. पल्लेलपर्यंत सपाटी, मग घाट सुरू. रस्त्यात आसाम रायफल्सचे नाके, खुदेंगथाबीला सगळ्यांनी खाली उतरायचं, ओळखपत्र दाखवायचं, गाडीची तपासणी होईपर्यंत चालत पुढे जायचं. तिथल्या जवानाने माझा पासपोर्ट उलटासुलटा करून विचारलं, "घूमने? उधर क्या है घूमने को?" मी म्हटलं मंडाले. "तो फ्लाइट से जाओ ना." प्रश्न रास्तच होता म्हणा.

मोरेहला एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागायची. गेट दोन. एका गेटाने फ्रेंडशिप ब्रिजवरून रीतसर तामूकडे जायचं आणि दुसऱ्या गेटाने बाजार. बाजाराच्या गेटावर नुसतं ओळखपत्र दाखवून पास मिळायचा, पलीकडे रिक्षावाले हाका मारायचे, तामू जेमतेम पाचेक किलोमीटरवर, आणि कोणी अडवायचंही नाही. ही खरी गोम होती. तुम्ही त्या वाटेने तामूत जाऊन बसलात, खिशात खराखुरा व्हिसाही आहे, पण पासपोर्टवर ना भारताचा बाहेर पडल्याचा शिक्का ना म्यानमारचा आत आल्याचा, म्हणजे कागदावर तुम्ही बेकायदा घुसलेले. हे फक्त मोरेहचं नाही, जिथे जिथे स्थानिक लोकांची ये-जा मोकळी असते तिथे गर्दीबरोबर चालत राहिलं की इमिग्रेशनची खिडकी मागे राहून जाते, कारण गर्दीला तिची गरजच नसते. त्यामुळे गर्दी जिकडे जाते तिकडे जायचं नाही, "इमिग्रेशन कुठे, शिक्का कुठे मारतात" असं विचारत राहायचं, चार वेळा विचारावं लागलं तरी. मोरेहच्या नवीन इंटिग्रेटेड चेक पोस्टचं उद्घाटन 4 जानेवारी 2019 ला झालं होतं, म्हणजे तेव्हा सगळंच ताजं, दुकानदारांपैकी निम्मे जुन्या जागेचा पत्ता सांगत होते.

शिक्का मारायच्या आधी समोरच्या साहेबांनी जाड रजिस्टर उघडलं आणि माझं नाव, व्हिसा नंबर, कुठे राहणार सगळं हाताने लिहून घेतलं. अशा रजिस्टरकडे चोरून बघायचं. माझ्या वरच्या ओळींत एक जर्मन, दोन कोरियन, एक फ्रेंच, म्हणजे तिसऱ्या देशाचे लोक खरंच जाताहेत. आधी कळवून न येणाऱ्या प्रवाशाला याहून भरवशाची माहिती कुठली मिळणार, वेबसाइट तर वर्षभर जुनी असते. हा प्रश्न मी पलीकडून आलेल्यांनाही विचारतो, काल कोणी आलं का, कुठल्या पासपोर्टवर आलं.

वेळेचं गणित वेगळं सांगतो. म्यानमार आपल्यापेक्षा एक तास पुढे. म्हणजे इकडे दुपारचे तीन वाजतात तेव्हा पलीकडच्या ऑफिसात चार वाजलेले असतात आणि तिथला माणूस आवराआवरीला लागलेला असतो. इकडून शिक्का मारून बाहेर पडलात आणि तिकडे खिडकी बंद, तर तुम्ही कुठेच नाही. नवीन नाक्यावर सगळ्यात वाईट हीच अवस्था, एका देशाने सोडलंय आणि दुसऱ्याने घेतलेलं नाही, त्यामुळे सकाळी पोचायचं, आणि तुमचा परतीचा हक्क शाबूत आहे ना ते बघून निघायचं. भारतीय माणसाला भारतात परत घेतील, पण तुम्ही दोन परक्या देशांच्या मधे असाल आणि पहिल्याचा व्हिसा सिंगल एंट्री असेल तर तो शिक्का पडला तेव्हाच संपला. तिसऱ्या देशांच्या मधल्या सीमांवर म्हणूनच मी शक्यतो डबल एंट्री घेतो.

पूल ओलांडला की गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या जपानी, स्टिअरिंगही उजवीकडेच, त्यामुळे ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं दिसत नाही, डावीकडे बसलेला सांगतो जा म्हणून. तामूहून काले या पुढच्या मोठ्या गावाकडे जाणारा रस्ता भारतानेच, आपल्या बीआरओने (सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी संस्थेने) बांधलेला, 2001 मध्ये सुरू झाला, डांबर बरं होतं. पण तामू–क्यिगोन–कलेवा या टप्प्यावर 69 पूल होते आणि ते जुने, अरुंद, एका वेळी एकच गाडी, चाकाखाली लाकडी फळ्या खडखडायच्या, समोरून ट्रक आला की थांबायचं. नाका उघडला म्हणजे पुढचा रस्ताही उघडला असं नसतं, हे त्या 69 पुलांवर दर वेळी आठवत होतं. थेट थायलंडमधल्या मे सोतपर्यंत 1360 किलोमीटरचा भारत–म्यानमार–थायलंड त्रिपक्षीय महामार्ग वगैरे आपण पेपरात वाचतो ना, तो हाच.

दोन बारीकसारीक. राहायला तिथे परदेशी पाहुण्यांचं लायसन्स असलेलंच हॉटेल लागायचं, बाकीचे हात जोडून नाही म्हणायचे, तेव्हा रात्र सीमेवरच्या गावात काढण्याऐवजी पुढच्या मोठ्या गावापर्यंत जायचं धरूनच सकाळी निघा. आणि डॉलर नेणार असाल तर कोऱ्या, घडी न पडलेल्या नोटाच, कोपरा दुमडलेला असला तरी परत करायचे. रुपये फक्त बाजारात चालायचे.

सध्या जमिनीवरून काहीतरी नवीन करायचंच असेल तर मी मध्य आशियाकडे बघेन. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तानची सीमा मे 2021 मध्ये चकमकींनंतर बंद झाली होती, 13 मार्च 2025 ला दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी बिश्केकमध्ये सीमाकरारावर सह्या केल्या आणि कायरागाच आणि किझिल-बेल हे नाके पुन्हा उघडले. दोन्ही देशांचा ई-व्हिसा मिळतो, पण किर्गिझ ई-व्हिसा ठराविक नाक्यांवरच चालतो, तेव्हा अर्ज भरायच्या आधी तुमचा नाका यादीत आहे का ते बघा, नसेल तर वकिलातीला मेल टाका आणि आलेलं उत्तर प्रिंट करून जवळ ठेवा, मोबाइलवरचा स्क्रीनशॉट कोणी हातात घेऊन वाचत बसत नाही.

बाईकने जायचा विचार असेल तर वरचं निम्मं बाद समजा. माणसासाठी उघडलेला नाका गाडीसाठी उघडलेला असेलच असं नाही, म्यानमारमध्ये तर 2018 नंतरही परदेशी गाडीला आधी परवानगी आणि सोबत गाइड लागायचाच, त्यामुळे तिथून बाईक नेलेले लोक एजन्सी करूनच गेले. कुठला नाका आणि कुठली गाडी ते कमेंटमध्ये लिहा, कार्नेचं (गाडी तात्पुरती परदेशात न्यायच्या कस्टम्सच्या कागदाचं) वगैरे मग बोलू.