बंदी उठण्याआधी: होडी, मशीन आणि वाचकांचे प्रश्न

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची. या काळात होडी शाकारता येते, हवेतली ओल शाकारता येत नाही. यंदा आलेल्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या ओलीतच आहे. नारळी पौर्णिमेला नारळ सोडू आणि मग बघू, असे म्हणणाऱ्यांना एक आठवण: श्रावण किंवा त्याआधीचा अधिक मास असला तर त्या वर्षी ती पौर्णिमा ऑगस्टच्या शेवटाकडे येते, बंदी मात्र तारखेला उठते.

प्रश्न: ४० अश्वशक्तीची टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेर टांगायचे इंजिन) मे अखेरीस काढून घरात ठेवली. आता गिअरचे तेल काढले तर ताकासारखे पांढरट निघाले. तेल बदलून भागेल का? (मालवण)

नाही. पांढरट तेल म्हणजे आत पाणी शिरले आहे, आणि ते मे महिन्यातच शिरलेले असणार. मशीन चालून गिअरचा डबा तापतो, बंद केल्यावर पाण्यातच थंड होतो. थंड होताना आतला दाब उतरतो आणि कमजोर सीलमधून पाणी ओढले जाते. नवे तेल भरले तर तेही दोन-चार फेऱ्यांत पांढरे होईल. तोवर बेअरिंगला गंज लागलेला असेल.

आधी पंखा काढा. त्याच्या मागे शाफ्टवर तंगूसचा (नायलॉनच्या एकपदरी तारेचा) दोरा गुंडाळलेला सापडण्याची शक्यता दाट आहे. सील खराब होण्याचे आपल्याकडचे पहिले कारण हेच. शाफ्टवर बोट फिरवा. सीलच्या जागी नखाला खाच लागत असेल तर नुसते सील बदलून गळती थांबणार नाही, शाफ्टच बघावा लागेल. सील काढताना त्यांची तोंडे कुणीकडे होती हे फोटोत टिपून ठेवा, नवी तशीच बसवा. दुसरे कारण त्याहून स्वस्त आहे: तेलाच्या दोन स्क्रूंखालचे वॉशर. ते दर वेळी नवे हवेत. जुनेच पुन्हा दाबून बसवायची सवय महागात पडते.

तेल खालच्या भोकातून चढवायचे. वरून ओतले तर हवा अडकते आणि डबा भरला नसताना भरल्यासारखा वाटतो. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल येऊ लागले की आधी वरचा स्क्रू लावा, मगच खालची नळी काढून पटकन खालचा. या मापाच्या मशीनला अर्ध्या लिटरच्या आसपास तेल लागते. नेमका आकडा आणि तेलाचा प्रकार तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात मिळेल. बाहेर आलेल्या तेलात बारीक राखाडी चिखल दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. चकाकणारे तुकडे दिसले तर मात्र गिअर उघडलाच पाहिजे. आणि पुढच्या वर्षापासून तेल मे महिन्यात, मशीन ठेवण्याआधी बदला. जुलैत बदलले तर पाण्याला गंज चढवायला दोन महिने आयते मिळतात.

डबा उतरवलाच आहे तर पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलरही बदला. पडून राहिल्याने त्याची पाती एका बाजूला वाकून तशीच राहतात. एखादे पाते तुटलेले दिसले तर तुकडा शोधून काढा, नाहीतर तो वरच्या पाण्याच्या वाटेत अडकून मशीन तापवेल. मशीन पिंपात पाणी घेऊनच चालू करा. कोरड्या पंपात रबर काही सेकंदांत जळते.

प्रश्न: फायबरच्या होडीला नाळेखाली (पुढच्या टोकाखाली) तडा होता. तिथे मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिन लावले, पण तीन दिवस झाले तरी चिकटच आहे. रेझिन खराब आहे का? (हर्णे)

असू शकते, पण बहुधा दोष हवेचा आणि मापाचा आहे. पॉलिस्टर रेझिनचा वरचा थर हवेच्या संपर्कात थोडा चिकट राहतोच. तो ॲसिटोनच्या फडक्याने पुसून खाली नख लावा. खाली दगडासारखे घट्ट असेल तर काम ठीक आहे. खालीही मऊ असेल तर सगळे खरवडून पुन्हा करायचे. मऊ थरावर नवा थर चढवून तो सुधारत नाही.

रेझिन घट्ट करणारे हार्डनर अंदाजाने ओतू नका. एक किलो रेझिनला १० ते २० मि.लि. ही मर्यादा, आणि आपल्या उन्हाळी तापमानात तिची खालची बाजू. पावसाळ्यात हवा थंड वाटली म्हणून दुप्पट ओतणारे पुष्कळ भेटतात. तेवढ्याने रेझिन तापते, ठिसूळ होते आणि पहिल्याच लाटेच्या आपटीत तडकते. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) वेगळा मिळाला असेल तर तो आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, हार्डनर त्यानंतर. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. मोजायचे एकच भांडे दोन्हींना वापरू नका.

तड्यावर नुसती पट्टी चिकटवणे ही मूळ चूक. तडा पूर्ण खरवडून कडा उतरत्या करा, जाडीच्या बारा पट. तळ ५ मि.मी. जाड असेल तर प्रत्येक बाजूला ६० मि.मी. उतार. खरवडताना मास्क आणि चष्मा हवाच. आधी जागा गोड्या पाण्याने धुवा, कारण मीठ राहिले तर ते हवेतली ओल ओढत राहते. मग ताडपत्रीचा आडोसा करून आत बल्ब लावा आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. पाऊस थांबला म्हणजे फायबर सुकले असे नव्हे. पहाटे हाताला दव लागत असेल तर काम दुपारी.

मालाचा हिशेब असा: ३० बाय ३० सें.मी. जागा, चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या चॉप मॅटचे तीन थर, म्हणजे मॅट सुमारे १२० ग्रॅम. रेझिन त्याच्या अडीच पट, ३०० ग्रॅम. त्याला हार्डनर ४ ते ५ मि.लि. सर्वांत लहान तुकडा आधी लावायचा की मोठा, यावर कारागिरांत वाद आहे. आमचे मत, मोठा आधी, म्हणजे जुन्या फायबरशी पूर्ण उतारभर पकड मिळते. प्रत्येक थरातली हवा रोलरने काढा. पांढरा ठिपका राहिला म्हणजे तिथे रेझिन पोहोचलेले नाही.

प्रश्न: टाकीत मे महिन्यातले १५ लिटर पेट्रोल शिल्लक आहे. नव्यात मिसळून चालेल का? (रेवदंडा)

पारदर्शक बाटलीत टाकीच्या तळाचे अर्धा लिटर काढा आणि तासभर स्थिर ठेवा. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओल शोषते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळा थर बसतो. मशीनची नळी नेमकी तिथूनच ओढते. दोन थर दिसले तर ते पेट्रोल मशीनला द्यायचे नाही, मिसळूनही नाही. थर नसेल पण वास आंबूस वाटला, तरी आमचा सल्ला तोच: १५ लिटर वाचवायला कार्बोरेटर उघडायची वेळ आणू नये.

नळी आणि हाताने दाबायचा रबरी फुगा वाकवून बघा. इथेनॉलने जुने रबर फुगते किंवा चिरते. चिरेतून पेट्रोल गळण्याआधी हवा आत जाते, आणि मशीन भर समुद्रात अडखळते.

नवे मिश्रण ५०:१ असेल तर १० लिटरला २०० मि.लि. तेल, टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीच्या) दर्जाचेच. दुचाकीचे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते. आउटबोर्डमध्ये ते प्लग आणि रिंगांवर राख साठवते.

प्रश्न: लाकडी होडी पाण्यात लोटली की पहिले दोन दिवस पाणी घेते. सगळ्या फटींत नव्याने कापूस भरावा का? (साखरीनाटे)

घाई नको. सुकलेली फळी आखडते, पाणी प्यायली की फुगून फट मिटते. कोरड्या फटीत कापूस ठासून भरला तर फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही. मग खिळे उचलतात, कधी आतली वाकही (होडीची बरगडी) तडकते. लोटण्याआधी आठवडाभर आत ओली गोणपाटे पसरा आणि वीतभर पाणी ओता. काठोकाठ भरू नका. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, आणि जमिनीवरच्या होडीला बाहेरून पाण्याचा आधार नसतो. चौथ्या दिवशीही जी फट गळते, तीच खुणा करून होडी वर घेतल्यावर भरा.

सुरीचे टोक पठाणाजवळ (तळाच्या मधल्या कण्याजवळ) आणि खिळ्यांभोवती टोचून बघा. खिळ्याभोवती काळे वर्तुळ आणि मऊ लाकूड असेल तर खिळा गंजला आहे. लाकूड पोखरणाऱ्या किड्याचे बाहेरचे भोक टाचणीच्या डोक्याएवढेच असते, आतले भुयार बोटाएवढे होऊ शकते. म्हणून भोके मोजू नका, फळीवर ठोकून आवाज ऐका. दोन महिने कोरड्यावर राहिल्याने किडा मरतो, पोकळी तशीच राहते.

प्रश्न: तळाला लावतो तोच तांब्याचा रंग मशीनच्या पायालाही (पाण्यात राहणाऱ्या खालच्या भागाला) लावला तर शिंपले बसणार नाहीत ना? (वेंगुर्ले)

शिंपले बसणार नाहीत, आणि काही दिवसांनी पायही राहणार नाही. पाय ॲल्युमिनियमचा असतो. खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. त्यासाठी तांबे नसलेला वेगळा रंग मिळतो. पायाऐवजी स्वतः झिजण्यासाठी लावलेल्या झिंकच्या ठोकळ्यावर मात्र कुठलाच रंग नको, तो उघडाच राहायला हवा. निम्मा झिजला की बदला. कधीच झिजत नसेल तर खूश होऊ नका, त्याचा धातूशी संपर्क तुटला असेल. ठोकळ्याखालची जागा घासून पुन्हा आवळा.

प्रश्न: बॅटरी आणि लाइफ जॅकेटचे काय बघावे? (मुरूड)

१२ व्होल्टची बॅटरी चार्ज करून एक रात्र सोडा. सकाळी १२.६ व्होल्ट दाखवले तर उत्तम, १२.४ च्या खाली उतरत असेल तर भरवसा नको. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ८ अँपिअरने चार्ज करा. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडण्यापुरतेच पाणी आधी घाला, बाकीचे चार्ज झाल्यावर. जॅकेटचे पट्टे दोन्ही हातांनी ओढून बघा, शिवण उन्हाने कुजलेली असते. फ्लेअरवरची (संकटात इशाऱ्यासाठी पेटवायच्या नळकांड्यावरची) मुदत वाचा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक खलाशाच्या फोनमध्ये असू द्या, फक्त तांडेलाच्या (होडीच्या म्होरक्याच्या) नव्हे.