कुलाबा की दादर? आधी लिफ्टची वेळ विचारा

सत्तरीतले आईबाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच मुंबई बघायला येतायत, दोन रात्री गेटवेजवळच काढाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. चार वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून राहवलं नाही.

बुकिंग करताना ‘लिफ्ट’समोर हिरवी खूण होती. लिफ्ट होतीही, जाळीच्या दारांची. पण लिफ्टमन रात्री दहाला कुलूप घालून घरी जायचा! आम्ही दादरला शिवाजी मंदिरात नाटक बघून पोचलो साडेअकराला. खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या जुन्या इमारतींचा एक मजला म्हणजे आपले दीड. आई दर वळणावर कठडा धरून थांबत होती, बाबा मोठ्याने पायऱ्या मोजत होते. शहात्तर. काउंटरवरचा म्हणे, ऑनलाइनवाल्यांशी बोला. त्यांची हेल्पलाइन म्हणे, लिफ्ट दिलेली आहे सर, तक्रार बसत नाही. तीनचारशे रुपये वाचवायला ‘नॉन-रिफंडेबल’ मीच निवडलेलं, त्यामुळे दुसरी रात्रही तिथेच. आई अजून ऐकवते.

सकाळ मात्र कुलाब्याचीच, हे मान्य. साडेसहाला गेटवेवर गर्दी नसते. ताज १९०३चं, गेटवे १९२४चा, म्हणजे हॉटेल आधीचं, हे बाबांना काही केल्या पटेना. बाकी दिवसभर कॉजवेचे फेरीवाले, हॉर्न, आणि साध्या चहालाही टुरिस्टांचा भाव. रिक्षा तर वांद्रे-सायनच्या पुढे येतच नाहीत, प्रत्येक वेळी टॅक्सी.

माझं मत विचाराल तर (तुमचं बजेट मोठ्या हॉटेलाचं असेल तर हे सगळं सोडून द्या) दादरला राहा. सकाळी ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष घ्या, मग निघा. आता मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५पासून थेट कफ परेडपर्यंत जाते. हुतात्मा चौकाला उतरून टॅक्सी केली की गेटवे जवळच. आमच्या वेळी ही सोय नव्हती, नाहीतर मी कशाला तडफडलो असतो!

तरीही कुलाबाच ठरलं, तर पैसे भरण्याआधी हॉटेलात स्वतः फोन करा. ‘लिफ्ट आहे का’ नाही, ‘लिफ्ट किती वाजेपर्यंत चालू असते’ असं विचारा. आणि हो, सोमवार टाळा, एलिफंटा बंद असते.