बंधारा ३९ फुटांवर आला, आता पहिला फोन कुणाला?

पावसाळ्याच्या तोंडावर पूर आणि दवाखाने या विषयावर प्रश्न मागवले होते, भरपूर आले, त्यातले पाच घेतलेत. माझी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात गेली, २०१९ चा पूर आणि २०२१ चा पूर दोन्ही ड्युटीवर असताना बघितलेत, त्यामुळे थोडं तिखट लिहिलं गेलं तर समजून घ्या.

प्रश्न: मी शिरोळ तालुक्यात आशा आहे. दरवर्षी आमच्याकडून पूरबाधित गावाचा फॉर्म भरून घेतात, घरं किती, माणसं किती, जनावरं किती. पण पाणी चढायला लागल्यावर आरोग्याचं नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

ताई, फॉर्म भरा, पण त्याच्याबरोबर स्वतःची एक वही घाला आणि त्यात आकडे नाही, नावं लिहा. जुलै ते सप्टेंबरमध्ये बाळंतपणाची तारीख असलेल्या बायका, इन्सुलिनवाले, डायलिसिसवाले, टीबीच्या गोळ्या चालू असलेले, फिटच्या आणि डोक्याच्या आजाराच्या गोळ्या खाणारे, अंथरुणाला खिळलेले म्हातारे. हजार-बाराशे वस्तीची ही यादी एक-दोन पानांत बसते. प्रत्येक नावापुढं तीन गोष्टी हव्यात: कुठल्या पाहुण्याकडं जाणार, गाडी कुणाची, आणि दोन फोन नंबर, त्यातला एक गावाबाहेरच्या माणसाचा, कारण टॉवर बसला की गावातले सगळे नंबर एकदमच बंद पडतात.

आता कधी हलवायचं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आपल्याकडं पोराटोरांना पाठ असतं, पण त्या आकड्याला काम जोडलेलं नसतं. तुम्ही जोडा. ३९ झालं की यादीतली माणसं निघाली, गाव हलो न हलो. ४३ ची वाट बघत बसलात तर तोवर निम्मे रस्ते गेलेले असतात आणि मग उरते बोट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. कळा सुरू झालेल्या बाईला रात्री बोटीतून आणायचं काम मी एकदा केलंय, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिले पण त्यात माझी हुशारी काही नव्हती, नशीब होतं.

गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटा नदी दर पावसाळ्यात रस्ता तोडते, म्हणून तसल्या भागात दवाखान्याजवळ माहेरघरं केलीत, बाई तारखेच्या आधीच येऊन राहते. आपल्याकडं तशी सोय नसली तरी खरं माहेर असतंय की, ते पुराच्या पट्ट्याबाहेर असेल तर आठ दिवस आधी धाडायचं. सासूला समजवायचं काम मात्र तुमचंच.

प्रश्न: वडिलांचं आठवड्याला दोनदा डायलिसिस असतं, सेंटर शहरात आहे, आमचं गाव नदीकाठी. २०१९ ला एक डायलिसिस चुकलं आणि फार हाल झाले. यंदा काय तयारी ठेवू?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पूर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढं बुडणारी माणसं येतात, पण पाण्यापासून लांब, कोरड्या खोलीत बसून नुसतं यंत्र मिळालं नाही म्हणून जीव धोक्यात येणारी माणसं कुणाच्या यादीतच नसतात.

पहिलं म्हणजे पाणी चढायची बातमी आली की सेंटरला फोन करून पाळी एक-दोन दिवस आधी मागा. लाजू नका. अमेरिकेत २०१२ ला सँडी वादळाच्या आधी ज्यांचं डायलिसिस असं लवकर उरकून घेतलं होतं त्यांच्यात नंतर ऍडमिट व्हायचं आणि दगावायचं प्रमाण कमी दिसलं.

दुसरं, एक प्लास्टिकची पिशवी करा आणि तेच सगळं मोबाईलमध्ये फोटो काढूनही ठेवा: शेवटच्या डायलिसिसचा कागद, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) किती, फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला जोडलेली शीर) कुठल्या हातात, चालू औषधं, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी चे ताजे रिपोर्ट. हे रिपोर्ट लोक हमखास विसरतात आणि दुसरं सेंटर त्यांच्याशिवाय मशीनला लावायला तयार होत नाही, त्यांचंही चुकत नाही, ते यंत्र पुढच्या पेशंटला लागणार असतं.

तिसरं खाण्याचं. छावणीत मदत म्हणून काय येतं? केळी, शहाळी, फरसाण, आणि अशक्तपणा वाटला की कोणीतरी प्रेमानं ओआरएस पाजतं. वडिलांसाठी यातलं सगळंच वाईट. केळी, शहाळं आणि ओआरएसमध्ये पोटॅशियम, जे किडनी बंद असली की अंगात साठून हृदयाला धोका करतं, फरसाणात मीठ, मग तहान, मग पाणी, मग दम. पाळी चुकणार असं दिसलं की पाणी अजून कमी, मोजून, फळं बंद, भात-चपाती कमी मिठाची. पोटॅशियम उतरवणारी पावडर मिळते, ती घरात ठेवायची का आणि कधी द्यायची ते किडनीच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून कागदावर लिहून घ्या, पुरात फोन लागेलच असं नाही.

प्रश्न: चिपळूणमध्ये माझं १५ बेडचं नर्सिंग होम आहे. २०२१ नंतर जनरेटर पहिल्या मजल्यावर नेला. अजून काय बघू?

डॉक्टर, जनरेटर वर नेलात, उत्तम. पण डिझेलची टाकी, मेन पॅनल आणि ऑक्सिजनचा मॅनिफोल्ड (सिलिंडर जोडून वॉर्डात पाईपनं ऑक्सिजन सोडायची जागा) कुठं आहे? बहुतेक ठिकाणी जनरेटर वर आणि पॅनल खाली असतं, म्हणजे मशीन चालू आणि वॉर्डात अंधार. २२ जुलै २०२१ ला तुमच्या गावात पाणी किती वेगानं चढलं ते तुम्हाला मी काय सांगू, तेव्हा सामान वर हलवायला वेळ मिळेल हे गृहीतच धरू नका.

ऑक्सिजनचा हिशोब भिंतीवर लिहून लावा. जम्बो सिलिंडर साधारण ७००० लिटरचा, मिनिटाला १० लिटरवर एक पेशंट असेल तर ११-१२ तास. छोटा बी टाईप १५०० लिटरचा, त्याच फ्लोवर अडीच तास. असे चार पेशंट असले आणि रस्ता दोन दिवस बंद राहिला तर किती जम्बो लागतील? सोळा-सतरा. तेवढे तुम्ही ठेवणार नाही, ठेवूही नये, म्हणजे उत्तर सिलिंडर नाही, उत्तर आहे पेशंट आधी हलवणं. कॉन्सन्ट्रेटर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, त्यांना वीज लागते.

उंचावरच्या एखाद्या हॉस्पिटलशी आत्ताच तोंडी नाही, लेखी ठरवा की इशारा आला की तुमचे ऑक्सिजनवरचे पेशंट ते घेणार. ज्यांना घरी सोडता येतं त्यांना त्याच दिवशी डिस्चार्ज, प्लॅन केलेली ऑपरेशन्स पुढं. आणि पावसाळ्याआधी एकदा, खरोखर लाईट बंद करून, रात्रीच्या स्टाफबरोबर ड्रिल घ्या. दिवसाच्या स्टाफबरोबर घेतलेलं ड्रिल म्हणजे फोटोसेशन.

प्रश्न: पूर ओसरल्यावर मेलेल्या जनावरांमुळं साथ पसरते म्हणतात. ग्रामपंचायतीनं आधी ती उचलावी की पाण्याचं बघावं? (सरपंच, वाळवा तालुका)

पाण्याचं, सरपंच. जनावरं उचलायचीच, वास आणि माश्या असतात, विहिरीत पडलेलं असेल तर लगेच, पण साथी मढ्यांपेक्षा जिवंत माणसांच्या मैल्यानं पाणी खराब होऊन जास्त पसरतात. पाईपलाईन बुडालेली, संडास भरलेले, तिथूनच जुलाब, कावीळ. तुमच्या गोडाऊनमधलं टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, आजच उघडून बघा. पोतं वर्षभर फुटकं पडलं असेल तर त्यातला क्लोरीन उडालेला असतो, मग कितीही टाका, उपयोग नाही. टाकल्यावर अर्ध्या तासानं शेवटच्या नळाला, परत सांगतो, शेवटच्या, ओटी टेस्ट करायची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून बघायचं. टाकीजवळ पिवळा रंग आला म्हणून वहीत टिक मारणारे जलसुरक्षक मी बरेच बघितलेत.

चिखल काढायला गुडघाभर पाण्यात उतरलेल्यांना लेप्टोचा (उंदरांच्या लघवीनं खराब झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो. डॉक्सीसायक्लिनची गोळी कुणाला, किती, ते आरोग्य केंद्रातून घ्या, गरोदर बायका आणि लहान मुलांना स्वतःच्या मनानं अजिबात वाटू नका. आणि साप! पाणी उतरताना घोणस, नाग, मण्यार घरात निघतात. तुमच्या केंद्रात सापाच्या विषावरची लस पावडरची आहे का लिक्विड ते विचारा, लिक्विड असेल तर फ्रीज लागतो आणि तेव्हा नेमकी वीज नसते.

प्रश्न: आम्ही पुण्यातले काही मित्र, सोसायट्यांमधून औषधं गोळा करून पाठवायचा विचार आहे. चालेल का?

नको. कृपा करून नको. २०१९ ला अर्धवट वापरलेल्या स्ट्रिप्सनी भरलेली खोकी आली होती, एक्स्पायरी फाटलेल्या, खोकल्याची सिरपं फुटून सगळं चिकट झालेलं, आणि ते निवडत आमच्या दोन फार्मासिस्ट मुली दोन दिवस बसल्या, ज्यांची ओपीडीला गरज होती. हायवे बंद असताना तुमचा टेम्पो वाटेत अडकतो तो वेगळाच. जिल्हा रुग्णालयाच्या स्टोअरला फोन करून काय कमी आहे ते विचारा आणि तेवढीच एक गोष्ट, एका बॅचची, बिलासकट पाठवा. सॅनिटरी पॅड आणि म्हाताऱ्यांचे डायपर मात्र न विचारता पाठवलेत तरी चालतील, ते कधीच पुरत नाहीत.