एकदम पाच ॲप नको

भाऊ, नागपुरात कोणी भेटावं म्हणून डेटिंगची पाच ॲप एकदम टाकलीस, इथेच घोळ झाला. दोन ठेव, महिनाभर वापर, मग तुलना कर.

तुलना करताना रेटिंग आणि जाहिराती बाजूला ठेव. पुण्या-मुंबईत गजबजलेलं ॲप नागपुरात चार दिवसांत रिकामं वाटू शकतं. अंतर २० किलोमीटर लाव आणि बघ: कामठी-हिंगण्यापर्यंत रोज किती नवे चेहरे दिसतात, किती जण उत्तर देतात, किती बोलणी भेटीपर्यंत जातात. वहीत लिहून ठेव. माझा भरवसा याच आकड्यांवर आहे.

प्रत्येकाचा स्वभावही वेगळा. २०१२ चं टिंडर फोटो सरकवण्यावर चालतं, २०१४ चं बंबल मुलीने आधी बोलावं या कल्पनेतून आलं, हिंजमध्ये प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतात. नुसत्या ओळखी वाढवायच्या असतील तर मीटअपवरचे गट बघ.

नवखे चुकतात ते इथे:
- पहिल्याच आठवड्यात पैसे भरून सभासद होतात.
- दोन महिने चॅटिंगच. आधी व्हिडिओ कॉल, मग बर्डी किंवा धरमपेठेत दिवसाउजेडी कॉफी.
- न भेटलेल्या माणसाला पैसे पाठवतात. कधीच नाही! फसलासच तर लाजू नको, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर.

प्रीमियमचं, म्हणजे पैसे भरून सभासद व्हायचं, नंतर बोलू. आज फक्त अलीकडचा, हसरा फोटो लाव.